बाबांच्या उंचीची सीट

बाबांची सायकल चोवीस इंची होती. बाबा सहा फुटांना एक बोट कमी, आणि मी पाच फूट तीन इंच. त्या सायकलवर मला त्रास का होतो, हे रस्त्यावरच्या कुणालाही एका नजरेत कळलं असतं. मला कळून घ्यायला दोन महिने लागले.

आई गेल्यापासून मी रोज थोडं लिहायला बसतो. फार होत नाही, अर्धं पान. तिच्याविषयी लिहायचं ठरवतो आणि दर वेळी त्याच एका वर्षापाशी येऊन थांबतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी बाबा गेले आणि मी लांब सायकल चालवायला शिकलो. नुसती चालवता शाळेपासून येत होती, तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलींवर शिकलेली. लांब चालवणं ही वेगळी गोष्ट आहे, हे तेव्हा समजलं.

आम्ही नाशिक रोडला दोन खोल्यांत राहत होतो. बाबा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात कोळशाच्या विभागात फिटर होते. पहिल्या पाळीला ते अंधारातच निघत. दारात सायकलची घंटी एकदा वाजवत, ती आईला निरोप म्हणून. एके दिवशी कामावरच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. लोकांनी गाडीतून दवाखान्यात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं. सायकल तिकडे स्टँडवरच राहिली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांच्या पाळीतले एक काका ती घेऊन आले. ते सिन्नरकडचे, बुटके, जाड मिशांचे, बोलायला मोकळे. त्या दिवशी मात्र घामाने भिजलेले आणि गप्प होते. आईने पाणी दिलं आणि विचारलं, "भावजी, एवढी धाप लागली?"

"चालत आणली, वयनी."

"एकलहऱ्यापासून?"

"बसवलं नाय तिच्यावर," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

बाबांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. मी बारावी झालेलो, पुढे कॉलेजात नाव घातलेलं, आणि उरलेला वेळ वाचनालयात. आदल्या वर्षी टायफॉईडने मला दोन महिने झोपवलं होतं. त्यातून उठलो होतो, पण अंग भरलं नव्हतं. हेल्परच्या जागेसाठी सिव्हिल हॉस्पिटलात वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी छातीभोवती टेप गुंडाळली.

"श्वास सोड. आता भरून घे. भर अजून. झालं?"

"हो."

"काय करतोस तू?"

"वाचतो."

"ते दिसतंय," डॉक्टर म्हणाले. पण चांगले होते. आवाजात टोचणी नव्हती. छाती फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढायला हवी होती, माझी तीनच वाढत होती. वजन कमी. दोन जिने चढून यायला सांगितलं तर नाडी मोजताना त्यांनी घड्याळाकडून माझ्याकडे दोनदा पाहिलं. कागदावर त्यांनी 'टेंपररी अनफिट' लिहिलं. तीन महिन्यांनी पुन्हा या.

ऑफिसातल्या बाबूंनी समजावून सांगितलं, की दुसऱ्यांदाही नाही जमलं तर अर्ज आईच्या नावाने करता येईल. शिक्षण नसल्याने काम मात्र सफाईचं किंवा भराईचं मिळेल.

आई शेजारीच उभी होती. ती लगेच म्हणाली, "करीन की."

तिच्या डोक्यावर मधोमध रुपयाएवढी जागा केस नसलेली होती. थर्मल बांधलं जात होतं तेव्हा ती तिथं घमेली वाहायची, माझी बहीण पोटात असेपर्यंत. बाबा कायम झाले त्या संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी खुंटीवरची तिची चुंबळ, घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची गुंडाळी, उचलून चुलीत घातली. ही गोष्ट आमच्या घरात सणासारखी सांगितली जायची. बाबा सांगायचे आणि आई म्हणायची, "चांगलं लुगडं व्हतं त्यात." आता तीच आई पुन्हा त्याच फाटकातून आत जाणार होती, माझी छाती दोन सेंटिमीटर कमी पडली म्हणून.

वाचनालयात व्यायामाचं एक जुनं पुस्तक होतं. ते मी तीन दिवस वाचलं आणि वहीत वेळापत्रक आखलं. 'व्यायाम हळूहळू वाढवावा' या वाक्याखाली पेन्सिलीने रेघही मारली. आणि चौथ्या दिवशी पहाटे बाबांची सायकल काढून थेट एकलहऱ्याला निघालो. बाबा रोज जायचे, मग आपल्याला जायला काय हरकत आहे, असा विचार होता.

निम्म्या वाटेत डोळ्यांपुढे काजवे चमकले. उतरलो, रस्त्याकडेच्या दगडावर बसलो आणि सकाळचा चहा ओकून टाकला. बाजूला झेंडूचा मळा होता. त्यातून एक म्हातारे शेतकरी निघाले. कॅरिअरवर मेथीच्या जुड्यांचा ढीग, हँडलला फुलांची दोन पोती. मार्केटला निघाले होते. माझ्याजवळ पाय टेकवून थांबले.

"चेन पडली का, दादा?"

"नाही."

"पंक्चर?"

"नाही. मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक मेथीची जुडी काढून माझ्या हातात दिली. "घरी भाजी करायला सांग," म्हणाले आणि तो सगळा बोजा घेऊन माझ्यापुढून सहज निघून गेले.

मी जुडी मांडीवर घेऊन बसलेलो असतानाच काका रात्रपाळी करून परत येताना दिसले. त्यांनी करकचून ब्रेक लावला.

"काय मास्तर! भाजीचा धंदा सुरू केला व्हय?"

वाचत बसतो म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, वेळापत्रक, तीन महिने, आईचं 'करीन की'. शेवटच्या गोष्टीवर त्यांची थट्टा थांबली. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि चिमणीकडे बघत राहिले. थर्मलची चिमणी त्या रस्त्यावरून सतत दिसायची.

"उद्यापास्नं माझ्यासंगं," ते म्हणाले. "पण मी सांगंन तितकंच. चिंचेपर्यंत जायचं म्हणलं का चिंचेपर्यंतच. पुढं एक हात नाय."

चिंच घरापासून दीड-दोन किलोमीटरवर होती. मला अपमान वाटला.

"एवढंच?"

"येवढंच. आन् तोंडानं पाढा म्हणायचा. सतराचा."

"पाढा कशाला?"

"पाढा म्हणता येतोय तवर दम हाय. अडखळला का पाय हलका करायचा. माझ्या बापानं मला बैलामागं पळताना असंच शिकवलंय. तू तर शिकलेला, तुला पाढं येत असतील ना?"

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. काकांची पाळी असेल त्याप्रमाणे सकाळी किंवा दुपारनंतर, आठवड्यातून पाच दिवस. ते पुढे, मी मागे. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. पहिल्या दिवशी 'सतरा चोक' ला माझा आवाज बंद झाला. काका मागे न बघता ओरडले, "अडुसष्ट! हळू घे!" त्या आठवड्यात मी चिंचेच्या पलीकडे गेलो नाही. दुसऱ्या आठवड्यात झेंडूच्या मळ्यापर्यंत. मेथीवाले बाबा भेटले की विचारायचे, "आज काय, भाजी का सायकल?" तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, सतराचा पाढा तिसऱ्यांदा म्हणत असताना, समोर थर्मलचं फाटक आलं. मी पाढा थांबवून पाय टेकवले. काकांनी नुसती मान हलवली आणि सायकल परत वळवली. ते आनंदाने बोलले असते तर कदाचित मी रडलो असतो.

आई मला पहाटे भिजवलेले हरभरे द्यायची, परत आलो की शेंगदाणे आणि गूळ. बहिणीने भिंतीवर चुन्याने माझ्या दंडाच्या मापाची रेघ मारायला सुरुवात केली होती. सगळं नीट चाललं होतं, एक गोष्ट सोडून. उजव्या गुडघ्याच्या मागे एक शीर ओढली जायची. सायकलवरून उतरल्यावर कमरेत कळ यायची.

काकांना कारण केव्हाच दिसलं होतं. एकदा मला पुढे घालून ते मागून आले आणि म्हणाले, "मास्तर, तुझं ढुंगण जात्यावानी फिरतंय. पाय पुरत नाय तुला. सीट खाली घे."

"नको," मी म्हणालो.

"का?"

"ती बाबांनी लावलेली आहे."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "बरं." आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. ज्या माणसाने ती सायकल आठ किलोमीटर हाताने चालवत आणली होती, तो मला यात काय सांगणार होता?

मला खरंच तसं वाटायचं. बाबांची विडीची पेटी, चष्मा, कामाचे कपडे, सगळं हळूहळू इकडेतिकडे होत होतं. कपडे तर कुणाला तरी देऊनही झाले होते. त्या सीटवर बसलं की मात्र माझी नजर बाबांच्या नजरेच्या जवळपास पोचायची. पायडल खाली गेलं की माझी बोटं ताणूनही नुसती टेकायची, टाच तर लांबच. तेवढं मी सोसायला तयार होतो. सोसणं म्हणजेच ताकद वाढवणं, असंही मी स्वतःला समजावलं होतं. पुस्तकात असं कुठेही नव्हतं.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आम्ही पहिल्यांदा उलट्या दिशेने, नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत गेलो. ट्रक, टांगे, एस.टी., सगळ्यांच्या मधून. जाताना उत्तम गेलं. परतताना चढाच्या एका जागी गुडघ्यात काहीतरी कटकन झालं आणि पाय वाकेना. उरलेली वाट मी सायकल धरून लंगडत आलो. काका शेजारी आपली सायकल धरून चालत होते.

गुडघा सुजला. चार दिवस घरात. दुसऱ्या तपासणीला पाच आठवडे राहिले होते. तिसऱ्या दुपारी मी भिंतीला टेकून पुस्तक वाचत होतो, म्हणजे डोळ्यांपुढे धरून बसलो होतो. आई दारात उजेडाला बसून काहीतरी शिवत होती. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या एकीवर एक गोल गुंडाळून वरून टाके घालत होती. मी ओळखलं तरी विचारलं.

"हे काय?"

"चुंबळ."

"कशाला?"

"असावी. आजकालच्या बायका नुसतं फडकं गुंडाळत्यात, लगेच सुटतं." तिने दाताने दोरा तोडला. "शिवलेली बरी."

तिच्या आवाजात मला टोमणा नव्हता. म्हणूनच ते ऐकवेना. मी उठलो, लंगडत बाहेर गेलो आणि सायकल स्टँडवरून काढली.

"कुठं निघाला?"

"चिंचेपर्यंत."

"बस बरं," आई म्हणाली. ती चुंबळ हातात तशीच घेऊन पायरीवर आली. "बस, बघू दे मला."

मी दांड्यावरून पाय टाकून बसलो. एक पाय पायरीवर टेकवलेला, दुसरा पायडलवर लोंबता. तिने मला त्या सायकलवर नीट पाहिलंच नव्हतं कधी; मी निघायचो तेव्हा ती चुलीपाशी असायची.

"अरे, ही सीट कुणाची?"

"बाबांची."

"ते माहीत हाय मला. तू कशाला बसलाय इतक्या वर? बगळ्यावानी?"

मी खाली बघून म्हणालो, "बाबांनी लावलेली आहे ती. तशीच राहू दे."

आई पायरीवर बसली.

"तुझ्या बापानं ही सायकल नवी नव्हती घेतली. एका पोस्टमनची घेतली. ठेंगणा माणूस व्हता तो, तुझ्याएवढाच. सायकल घरी आणली, हितंच उभी केली. आन् पयलं काय केलं आसंल?"

"काय?"

"पाना मागितला माझ्याकडं. म्हणला, ही सीट वर घेतो, नाय तर गुडघं तोंडाला लागत्यात माझं." ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. "पोस्टमनला कुठं इचारायला गेला तो?"

ती आत गेली आणि बाबांच्या हत्यारांच्या डब्यातून पाना घेऊन आली. सायकल तिने दोन्ही हातांनी धरली. नट गंजून बसला होता. खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले, वाट पाहिली, मग पाना लावून मी जोर केला. सुटला. सीट डावी-उजवीकडे फिरवत मी खाली दाबली. सीटच्या दांड्यावर नट जिथे इतकी वर्षं आवळलेला होता तिथे एक चकचकीत गोल खूण पडली होती. ती माझ्या डोळ्यांदेखत नळीच्या आत गेली. मी दाबायचा थांबलो.

"अजून," आई म्हणाली. "टाच टेकू दे."

चारेक बोटं खाली आली. मी बसलो. पायडल तळाशी गेलं तरी तळव्याखाली होतं. इतकं सोपं असतं, याचा मला राग आला आणि बरंही वाटलं.

सूज उतरली तसा पुन्हा निघालो. काकांनी पहिल्याच वळणावर पाहिलं.

"सीट खाली घेतली."

"आईनं घ्यायला लावली."

"वयनी खमक्या," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मलाबी तेव्हा बसवलं नव्हतं रं तिच्यावर. पण तू बसलास, ते बरं केलंस. मग नीट बसायला पायजे व्हतं."

त्यानंतरचे आठवडे मला आजही तपशिलाने आठवतात, कारण त्यांत काही विशेष घडलं नाही. पाय दुखले, पण दुखायला हवे तिथेच, मांड्यांत. एकलहरे आता लांब वाटेना. द्वारका झाली. पाढा सतरावरून एकोणिसावर गेला, मग काका म्हणाले, "आता एकोणतीस. चढाला." झोप लागायला लागली. भूक इतकी, की आई भाकरी थापायची आणि मी तव्यावरूनच उचलायचो. वाचतानासुद्धा फरक पडला; पूर्वी संध्याकाळी डोकं जड व्हायचं, ते थांबलं. पुस्तकातल्या कुणाला तरी धाप लागली की आता ती मला छातीत कळायची.

तपासणीच्या आधीच्या रविवारी आम्ही डोंगरातल्या बौद्ध लेण्यांवर गेलो. बुद्धपौर्णिमेला बाबा आम्हा सगळ्यांना एस.टी.ने न्यायचे, आणि पायथ्यापासून बहिणीला खांद्यावर घेऊन न थांबता वर चढायचे. मी नेहमी अर्ध्या चढावर दम खायला बसायचो. द्वारका मागे टाकून आम्ही मुंबईच्या रस्त्याला लागलो. पायथ्याशी सायकली लावल्या. काका म्हणाले, "मी हितंच बसतो, माझं वय झालं. तू जा. वर जाऊन मला हाक मार. हाकेत दम दिसला पायजे."

पायऱ्या मी चढत राहिलो. एकोणतीस एके, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी. मधल्या चौथऱ्यापाशी, जिथे मी बसायचो, पाय आपोआप थबकले. बसावंसं वाटलं, दमलो म्हणून नव्हे. बसलो नाही. वर पोचलो, लेण्याच्या गारव्यात हात जोडले, आणि मग कठड्याशी येऊन खाली ओरडलो, "काका!"

खालून एक छोटा माणूस दोन्ही हात हलवत होता.

तपासणीच्या दिवशी मी सिव्हिलला सायकलनेच गेलो. काकांची सूचना होती की तासभर आधी पोचायचं, झाडाखाली बसून नाडी शांत होऊ द्यायची आणि अर्धा डझन केळी खायची. "पोलीस भरतीला सगळी पोरं खात्यात. केळं काट्यावर बसतं." चौथ्या केळ्याला मला मळमळायला लागलं. आईने बांधून दिलेली सहाच्या सहा मी संपवली.

तेच डॉक्टर होते. त्यांनी मला ओळखलं नाही, कागदावरून ओळखलं. काट्याकडे पाहून म्हणाले, "केळी?"

"सहा," मी म्हणालो.

"दोन पुरली असती." मग टेप. "भर श्वास. धरून ठेव." मी मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. त्यांनी टेप पुन्हा लावून पाहिली. जिने चढवले, नाडी मोजली, आणि या वेळी घड्याळाकडेच बघत राहिले.

"काय करतोस तू हल्ली?"

"सायकल चालवतो. आणि वाचतो."

"दोन्ही चालू ठेव," म्हणाले आणि सही केली.

पहिल्या पाळीला निघालो तेव्हा उजाडलेलं नव्हतं. दारात घंटी वाजवावी की नाही, कळेना. वाजवली, एकदा. आतून आईची भांडी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. झेंडूच्या मळ्यापाशी मेथीवाले बाबा समोरून आले. "आज डबा दिसतोय!" ते ओरडले. फाटकावरच्या वॉचमननी मला अडवलं. माझ्याकडे नाही, सायकलकडे बघत होते.

"ही सायकल ओळखतो मी."

"माझ्या वडलांची."

त्यांनी सीटवर हात ठेवला. "खाली आली की."

"हो. मला पुरत नव्हती."

"जा आत," ते म्हणाले. "तिसऱ्या खांबाला लावायचे ते."

मी तिसऱ्या खांबालाच लावली.

दुपारी घरी आलो तेव्हा कपड्यांना कोळशाचा तो वास होता, जो मला बाबांचा वास वाटायचा. आईने काही विचारलं नाही. "पाणी पी," म्हणाली. मी कोपऱ्यातल्या माठाकडे गेलो. आमचा माठ बुडाला गोल होता, विटांच्या तुकड्यांवर ठेवलेला. पाणी घेताना नेहमी हलायचा. त्या दिवशी हलला नाही. वाकून पाहिलं. विटा काढल्या होत्या, आणि माठाखाली ती शिवलेली चुंबळ होती, पाण्याने ओली झालेली.

मी आईकडे पाहिलं.

"डुगडुगत व्हता कधीचा," ती म्हणाली आणि भाकरी उलटवली.